सभेची भाषा आणि मतपेटी : परिघावरील लोककैवारी पक्षांची वक्तृत्वनीती (दिग्रस परिसराच्या संदर्भात)

राजकीय सभेतील भाषण हा वाङ्मयीन अभ्यासाचा विषय होऊ शकतो, ही गोष्ट मराठी समीक्षेने तत्त्वतः मान्य केली असली तरी प्रत्यक्षात तिकडे फारसे लक्ष दिलेले नाही. कीर्तन, पोवाडा, सत्यशोधकी जलसा, कलापथके यांवर लिहिले गेले. सत्तेवर आलेल्या पक्षांच्या नेत्यांची भाषणेही संग्रहरूपाने छापली गेली. परंतु ज्या पक्षांच्या सभा अफाट झाल्या आणि ज्यांचे उमेदवार मात्र क्वचितच निवडून आले, त्यांची भाषा त्यांच्या पराभवाबरोबरच अभ्यासकांच्या नजरेआड गेली. विदर्भाच्या राजकीय इतिहासात असे दोन ठळक प्रवाह आढळतात. एक जांबुवंतराव धोटे यांच्या विदर्भवादी वक्तृत्वाचा आणि दुसरा शेतकरी संघटनेचा व तिच्यातून निघालेल्या स्वतंत्र भारत पक्षाचा. यवतमाळ जिल्ह्यातील दिग्रस आणि त्याला लागून असलेला दारव्हा, आर्णी, पुसद हा कापसाचा टापू या दोन्ही प्रवाहांच्या श्रोतृवर्गात मोडतो. हा टापू समोर ठेवून या दोन्ही प्रवाहांच्या वक्तृत्वनीतीचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. ज्या भाषेने या पक्षांना सभा मिळवून दिल्या त्याच भाषेने त्यांची मते अडवली, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

प्रारंभी परिभाषेचा प्रश्न उपस्थित होतो. इंग्रजीतील ‘पॉप्युलिझम’ या संज्ञेसाठी मराठीत ‘लोकानुनय’ हा शब्द रूढ झाला आहे. पण अनुनय म्हणजे मनधरणी. लोकांना हवे ते देऊ करणारा, सवलती वाटणारा राजकारणी असा त्याचा अर्थ होतो आणि तो सत्ताधाऱ्यांनाच अधिक लागू पडतो. या संज्ञेचा उगम वेगळा आहे. अमेरिकेत १८९२ साली ओमाहा येथे ज्या ‘पीपल्स पार्टी’ने आपला जाहीरनामा मांडला, तिच्या अनुयायांना ‘पॉप्युलिस्ट’ म्हटले जाई. दक्षिणेकडील कापूस पिकवणारे कर्जबाजारी शेतकरी हा त्या पक्षाचा एक मोठा आधार होता. रेल्वे कंपन्या, बँका आणि व्यापारी हे कष्ट करणाऱ्यांना लुटतात, हे त्यांच्या प्रतिपादनाचे सूत्र होते. १८९६ मध्ये या पक्षाने डेमोक्रॅटिक पक्षाच्या ब्रायन यांना पाठिंबा दिला आणि त्यानंतर तो विरून गेला. दिग्रसच्या कापूस बाजारात उभे राहून या इतिहासाकडे पाहिले तर तो परका वाटत नाही. लोकांची मनधरणी न करता त्यांच्या वतीने भांडायला उभा राहणारा तो ‘कैवारी’. या अर्थाने येथे ‘लोककैवारी’ हा शब्द वापरला आहे.

दिग्रस हे तालुक्याचे व बाजाराचे ठिकाण. येथे वऱ्हाडी बोलणारा कुणबी, घरात गोरमाटी बोलणारा बंजारा आणि दखनी वळणाची उर्दू बोलणारा मुसलमान एकाच बाजारात वावरतो. लगतच्या वाशीम जिल्ह्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे श्रद्धास्थान आहे. शेजारच्या पुसद तालुक्यातील गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ या काळात राज्याचे मुख्यमंत्री होते, तर सुधाकरराव नाईक १९९१ ते १९९३ या काळात. म्हणजे हा प्रदेश सत्तेपासून दूर होता असे म्हणता येत नाही. सत्ता शेजारच्या गावात होती, तरी कापसाचा भाव मात्र दूर कुठेतरी ठरत होता. या विसंगतीत लोककैवारी वक्तृत्वाला जागा मिळाली. दुसरी एक गोष्ट वाङ्मयाच्या अभ्यासकाने ध्यानात घ्यावयास हवी. वऱ्हाडातील श्रोत्याचा कान गाडगेबाबांच्या कीर्तनाने घडवला होता. वक्ता प्रश्न विचारतो, श्रोते उत्तर देतात आणि त्या उत्तरातूनच त्यांना आपली फसगत उमगते, ही रीत येथे परिचयाची होती. पुढे सभांतून कापसाच्या खर्चाचा हिशेब मांडणाऱ्या वक्त्यांना ती रीत आयती मिळाली.

जांबुवंतराव धोटे यांचे वक्तृत्व या रीतीचे नव्हते. ते प्रश्न विचारणारे नव्हे, तर हाक देणारे होते. यवतमाळमधून विधानसभेवर निवडून गेलेल्या धोटे यांनी १९६४ मध्ये सभागृहात अध्यक्षांच्या दिशेने पेपरवेट भिरकावला आणि त्यांचे सदस्यत्व रद्द झाले. संसदीय शिष्टाचाराच्या दृष्टीने ही निंद्य घटना होय. वक्तृत्वाच्या दृष्टीने मात्र तिचा परिणाम उलटा झाला. ज्या सभागृहात आपले कोणी ऐकत नाही असे श्रोत्याला वाटते, तेथे आपला माणूस केवळ बोलून थांबला नाही, असा अर्थ तिला लाभला. दाढी, मानेवर रुळणारे केस, चढा आवाज आणि ‘विदर्भवीर’ ही बिरुदावली यांमुळे वक्त्याचे शरीर हाच त्याच्या युक्तिवादाचा भाग झाला. ॲरिस्टॉटलने वक्त्याचे शील, श्रोत्याची भावना आणि युक्तिवाद ही पटवून देण्याची तीन साधने सांगितली. धोटे यांच्या सभेत पहिल्या दोहोंवर सारा भार असे. रामायणातील जांबुवंत हनुमानाला त्याच्या विसरलेल्या सामर्थ्याची आठवण करून देतो, हे कीर्तने ऐकून वाढलेल्या श्रोत्याला सांगावे लागत नव्हते. नावाचा हा योगायोगही वक्त्याच्या पथ्यावर पडला असल्यास नवल नाही.

विदर्भवादी भाषा धोटे यांच्यापासून सुरू झाली नाही. याच जिल्ह्यातील वणीचे बापूजी अणे हे तिचे ज्येष्ठ प्रवक्ते. लोकमान्य टिळकांवर ‘तिलकयशोर्णव’ हे संस्कृत महाकाव्य रचणाऱ्या या विद्वानाची विदर्भाची मागणी घटनात्मक आणि ऐतिहासिक पुराव्यांनी सिद्ध करण्याची पद्धत होती. राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती, हा तिचा आधार. धोटे यांच्या पिढीने हीच मागणी दस्तऐवजाच्या भाषेतून अपमानाच्या भाषेत आणली. २८ सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार हा या भाषेत केवळ राजकीय समझोता राहत नाही. तो मोडलेला शब्द ठरतो, आणि पुढे दरवर्षी त्याची होळी करण्याचा प्रघात पडला. करार जाळणे हीसुद्धा एक वाक्यरचना आहे. ‘तुम्ही दिलेला शब्द तुमचा नव्हताच’ असे त्या कृतीतून म्हटले जाते. दांडेकर समितीच्या १९८४ च्या अहवालानंतर ‘अनुशेष’ हा अर्थशास्त्रातील रुक्ष शब्दही या भाषेत सामील झाला आणि थकलेल्या देण्याच्या अर्थाने खेडोपाडी उच्चारला जाऊ लागला.

या वक्तृत्वाची मर्यादा त्याच्या बळातच होती. ते एका व्यक्तीच्या कंठात राहणारे होते. १९७१ मध्ये धोटे नागपुरातून फॉरवर्ड ब्लॉकतर्फे लोकसभेवर निवडून गेले. सुभाषचंद्र बोस यांनी स्थापन केलेल्या या पक्षाची मुळे विदर्भाच्या मातीत फारशी नव्हती. मते पक्षाला नव्हे, आवाजाला पडली होती. १९८० मध्ये त्याच नागपुरातून तेच धोटे इंदिरा काँग्रेसचे उमेदवार म्हणून विजयी झाले. ९ सप्टेंबर २००२ रोजी त्यांनी विदर्भ जनता काँग्रेस स्थापन केली तेव्हा सभा होत होत्या, पण पक्ष निवडणुकीत पाय रोवू शकला नाही. १८ फेब्रुवारी २०१७ रोजी त्यांचे निधन झाले. हाक देणारा गेल्यावर ती हाक दुसऱ्याने द्यावी अशी सोय त्या भाषेत नव्हती. घोषणा उरली, व्याकरण उरले नाही.

शेतकरी संघटनेची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. तिने श्रोत्याला वाक्य दिले नाही, वाक्य तयार करण्याची रीत दिली. त्यामुळे तिच्या भाषेचा विचार अधिक विस्ताराने करणे आवश्यक ठरते.

शरद जोशी (१९३५–२०१५) हे टपाल खात्यातील अधिकारी. बर्न येथील आंतरराष्ट्रीय टपाल संघातील नोकरी सोडून ते परतले आणि चाकणजवळ आंबेठाण येथे कोरडवाहू शेती करू लागले. कांद्याच्या आंदोलनातून उभी राहिलेली त्यांची संघटना १९८० च्या नाशिक जिल्ह्यातील ऊस-कांदा आंदोलनाने राज्यभर पोहोचली आणि त्यानंतर विदर्भाच्या कापूस पट्ट्यात तिने घर केले. जोशी यांची मराठी प्रमाण, नागर आणि काहीशी अध्यापकी होती. वऱ्हाडीचा आव त्यांनी आणला नाही, धोतर-टोपीही चढवली नाही. लोककैवारी वक्ता श्रोत्यासारखाच दिसला-बोलला पाहिजे, हा समज येथे खोटा पडतो. श्रोत्याला स्वतःसारखा माणूस नको होता. साहेबाची विद्या जाणणारा आणि ती आपल्या बाजूने वापरणारा माणूस हवा होता. ‘शेतकरी भावांनो आणि मायबहिणींनो’ या संबोधनानंतर जे येई ते बहुधा अंकगणित असे. बियाणे, खत, बैलाची झीज, घरच्या माणसांची मजुरी या बाबी एकेक करून मांडल्या जात आणि शेवटी खर्च भावापेक्षा जास्त निघे. हा हिशेब कोणताही कार्यकर्ता आपल्या गावच्या पारावर पुन्हा मांडू शके. धोटे यांच्या भाषणाची नक्कल करता येई, पुनरुक्ती करता येत नसे. जोशी यांच्या भाषणाची पुनरुक्तीच अपेक्षित होती.

या हिशेबाने श्रोत्याच्या मनात जे परिवर्तन घडवले ते मोलाचे आहे. आपण आळशी, अडाणी, व्यसनी, लग्नकार्यात पैसा उधळणारे म्हणून दरिद्री, हे सावकारापासून शिक्षकापर्यंत सर्वांनी शेतकऱ्याला ऐकवले होते. ‘शेतकऱ्याचे मरण हेच सरकारचे धोरण’ या घोषणेने कर्त्याची जागा बदलली. दारिद्र्य ही शेतकऱ्याची अवस्था न राहता दुसऱ्या कोणाची कृती ठरली. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही घोषणा पाहावी. तिच्यात ‘भीक’ आणि ‘दाम’ यांचा विरोध आहे, ‘घाम’ आणि ‘दाम’ यांचा यमक आहे. पण खरे काम ‘नको’ हे क्रियापद करते. मागणी करणारी घोषणा नकाराने सुरू होते आणि मागणारा आधी आपली मान ताठ करून घेतो.

याच मुशीतून ‘कर्जमुक्ती’ हा शब्द आला. माफी गुन्हेगाराला असते आणि शेतकऱ्याने गुन्हा केलेला नाही, म्हणून ‘कर्जमाफी’ हा शब्दच संघटनेने नाकारला. कर्ज हे लुटीचे फळ असेल तर त्यातून सुटका ही मुक्तीच होय. ‘लक्ष्मीमुक्ती’ या कार्यक्रमात, म्हणजे पत्नीच्या नावे जमीन करून देण्याच्या उपक्रमात, तोच शब्द पुन्हा आला. मोक्षाची परिभाषा सातबाऱ्याच्या उताऱ्यावर उतरवणारी ही शब्दयोजना मराठीच्या अर्थपरिवर्तनाच्या अभ्यासकांनी नोंदवून ठेवावी अशी आहे.

जोडशब्दांच्या विरोधाची युक्ती मात्र नवी नव्हती. महात्मा फुले यांच्या परंपरेत ‘शेटजी-भटजी’ या जोडीने शोषकाला नाव मिळाले होते. नाव मिळाले की त्याच्यावर बोट ठेवता येते. जोशी यांची ‘इंडिया’ आणि ‘भारत’ ही जोडी याच वळणाची असली तरी तिच्यात एक अधिकचा कावा आहे. राज्यघटनेच्या पहिल्याच अनुच्छेदात ‘इंडिया, अर्थात भारत’ असे म्हटले आहे. त्यातील ‘अर्थात’ काढून घेऊन जोशी यांनी समानार्थी शब्दांना विरुद्धार्थी केले. जात, जिल्हा किंवा धर्म यांपैकी कशाचाही उच्चार न करता शोषित आणि शोषक अशी विभागणी त्यामुळे साधली. शहरातील झोपडपट्टीत राहणारा हा भारतातून आलेला निर्वासित, असे स्पष्टीकरण जोडल्यामुळे ती नुसती खेडे-शहर अशीही राहिली नाही. दिग्रससारख्या बहुभाषी बाजारात या विभागणीचा उपयोग उघड आहे. कुणबी, बंजारा, मुसलमान यांना एका वाक्यात बसवणारे दुसरे सर्वनाम राजकारणाकडे नव्हते.

कापूस पट्ट्यातील श्लेषाचे सर्वांत चमकदार उदाहरण १९८५ चे. केंद्राच्या नव्या वस्त्रोद्योग धोरणाने कृत्रिम धाग्याला उत्तेजन दिले, तेव्हा पंतप्रधान राजीव गांधी यांच्या नावावरून संघटनेने त्या कापडाला ‘राजीवस्त्र’ असे नाव दिले आणि त्याच्या होळ्या केल्या. ‘राजवस्त्र’ या शब्दात एका वेलांटीने केलेला हा बदल. परदेशी कापडाच्या १९०५ पासूनच्या होळ्यांची स्मृती त्यामागे उभी होतीच. तथापि या श्लेषाचा एक सांधा कच्चा राहिला. टेरिलीन स्वस्त होते, टिकाऊ होते, आणि होळीभोवती जमलेल्या कापूस उत्पादकाच्या अंगावरही तेच असण्याचा संभव होता. वक्तृत्वाला टाळ्या मिळाल्या, पेहराव बदलला नाही.

‘शेतकरी तितुका एक एक’ या घोषणेबाबत अधिक गंभीर आक्षेप घ्यावा लागतो. ‘तितुका’ या जुन्या रूपाने रामदासांच्या सुप्रसिद्ध ओवीचा ध्वनी जागा होतो आणि घोषणेला परंपरेचे वजन येते. पण ज्यांना एक म्हटले ते एक होते काय? कोरडवाहू दोन एकरवाला, ओलिताची वीस एकर बाळगणारा आणि कोणाचीच जमीन नसलेला शेतमजूर यांचे हितसंबंध भावाच्या प्रश्नावर जुळतात, मजुरीच्या प्रश्नावर जुळत नाहीत. शेतमालाला भाव मिळाला की मजुरी आपोआप वाढेल, हे संघटनेचे उत्तर होते. डाव्या आणि दलित चळवळीतील टीकाकारांना ते पटले नाही. लोककैवारी भाषा ‘लोक’ निर्माण करते तेव्हा कोणाला तरी मोजणीबाहेर ठेवते. ही भाषा त्याला अपवाद नव्हती. १९८६ च्या चांदवड अधिवेशनानंतर स्त्रियांना तिने मोजणीत घेतले, ही गोष्टही तेवढीच खरी.

आता मतपेटीकडे वळले पाहिजे. आपण कधी मते मागायला आलो तर जोड्याने मारा, असे शरद जोशी प्रारंभीच्या काळात सभांतून सांगत. वक्त्याचे शील सिद्ध करण्याचा याहून प्रभावी मार्ग नाही. ज्याला काही नको तो खरे बोलतो, ही श्रोत्याची जुनी धारणा. गाडगेबाबांनी ती दृढ केलेली. परंतु या वाक्याने वक्त्याने स्वतःच्या भविष्यावर गहाणखत लिहून दिले. ज्या भाषेने मागणे हेच लाजिरवाणे ठरवले, त्या भाषेला मत मागता येईना. १९९४ मध्ये स्वतंत्र भारत पक्ष स्थापन झाला तेव्हा विरोधकांना नवी टीका शोधावी लागली नाही. जुन्या भाषणातील वाक्य पुरेसे होते. खुल्या बाजाराचा पुरस्कार करणारा हा पक्ष विधानसभेत संख्येने कधीच मोठा झाला नाही. २००४ मध्ये राजुऱ्याचे वामनराव चटप हे त्याचे एकमेव आमदार होते. त्याच वर्षी शरद जोशी राज्यसभेवर गेले.

दिग्रस मतदारसंघाचा निकाल या संदर्भात विचार करायला लावतो. १९९९ आणि २००४ अशा दोन्ही निवडणुकांत तेथून संजय देशमुख हे अपक्ष म्हणून निवडून आले. स्थानिक गणिते, व्यक्तिगत संपर्क यांचा वाटा त्यात असणारच आणि एका निकालावरून भाषेविषयी अनुमान काढणे धाडसाचे होय. तरीही एवढे म्हणता येते की पक्षमात्राविषयीचा जो अविश्वास लोककैवारी भाषेने वीस वर्षे पेरला, त्याचे पीक तिच्या पक्षाला मिळण्याचे कारण नव्हते. ‘अपक्ष’ हा शब्दच त्या अविश्वासाच्या अधिक जवळचा होता. २००९ पासून दिग्रस, दारव्हा व नेर असा नवा मतदारसंघ झाला आणि तो शिवसेनेकडे गेला. तेथे परिघावरील पक्षाच्या भाषणापेक्षा शाखेचे जाळे अधिक बोलते.

पक्ष हरले, शब्द मात्र हिंडत राहिले. उत्पादनखर्चावर आधारित भाव ही एके काळची परिघावरची मागणी. राष्ट्रीय शेतकरी आयोगाने २००६ मध्ये खर्चावर पन्नास टक्के अधिक भावाची शिफारस केली. २० मार्च २०१४ रोजी नरेंद्र मोदी यांनी आर्णी तालुक्यातील दाभडी येथे शेतकऱ्यांशी ‘चाय पे चर्चा’ केली, आणि त्या निवडणुकीतील भारतीय जनता पक्षाच्या जाहीरनाम्यात खर्चावर किमान पन्नास टक्के नफ्याचे आश्वासन होते. फुल्यांनी ‘गुलामगिरी’त उभा केलेला आणि संघटनेने पुन्हा जागवलेला बळीराजा २०१५ मध्ये ‘बळीराजा चेतना अभियान’ या शासकीय उपक्रमाच्या नावात आला. यवतमाळ हा त्या अभियानाच्या दोन जिल्ह्यांपैकी एक. ‘इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो’ असे दिवाळीत म्हणणाऱ्या घराला आता बळीच्या नावाने समुपदेशन मिळू लागले. डिसेंबर २०१९ मध्ये राज्य शासनाने जाहीर केलेल्या योजनेचे नाव ‘महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना’ असे आहे. ज्या शब्दाने माफीची भाषा झिडकारली तो शब्द शासननिर्णयाच्या शीर्षकात बसला, पात्रतेच्या अटी, मुदतीची तारीख आणि लाभार्थ्यांच्या यादीसह. या प्रवासाला विजय म्हणावे की जप्ती, हे ठरवणे सोपे नाही. शब्द स्वीकारला गेला, हे खरे. पण त्या शब्दातील ‘नको’ गळून पडले आणि ‘लाभार्थी’ हे जुने याचकाचे रूप परत आले, हेही तितकेच खरे.

या जिल्ह्यात वक्तृत्वाचा आणखी एक, बहुधा शेवटचा, प्रकार आढळतो. महागाव तालुक्यातील चिलगव्हाणच्या एका शेतकऱ्याने १९ मार्च १९८६ रोजी पत्नी व मुलांसह मृत्यूला कवटाळले. महाराष्ट्रात जाहीरपणे नोंदली गेलेली ही पहिली शेतकरी आत्महत्या मानली जाते. २०१७ पासून किसानपुत्र आंदोलनाच्या आवाहनावरून या तारखेला ठिकठिकाणी एक दिवसाचा अन्नत्याग केला जातो. त्यात पक्ष नाही, उमेदवार नाही, मतांची याचना नाही. बसणाऱ्याला भाषण येण्याची गरज नाही. तो त्या दिवशी जेवत नाही, एवढेच.